आवाज येते, बोल समजत नाही

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर आणि बनोसा ही चंद्रभागेच्या काठची जोडवस्ती सायंकाळी सात ते दहा या प्रहरात पायी हिंडून पाहिली, तर कोणत्या घरात वृद्ध माणूस राहतो हे दार न ठोठावताच कळते. ज्या घरातील वार्तानिवेदकाचे प्रत्येक वाक्य रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत पोहोचते, ज्या घराच्या शेजाऱ्याने उकाड्यातही आपली खिडकी लावून घेतलेली असते, आणि ज्या घरातील तरुण मंडळी मोबाइल घेऊन गच्चीवर किंवा ओट्यावर पांगलेली असतात, त्या घरात सत्तरीच्या आसपासचे एक माणूस दूरचित्रवाणीसमोर, पडद्याकडे किंचित झुकून, एक कान पुढे करून बसलेले आहे असे खुशाल समजावे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्या तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो, जिथे विहिरीला पाणी लागले तरी ते तोंडात धरवत नाही, आणि जिथे कापसाचा व तुरीचा भाव हीच वर्षाची कुंडली असते, तिथे म्हाताऱ्याला मालिका नीट ऐकू येत नाही ही तक्रार कोणत्या दफ्तरात दाखल व्हावी? परंतु शेत मुलाच्या नावे झाले, गुडघ्यांनी बाजाराची वाट बंद केली, बरोबरीचे चार जण निवर्तले, अशा माणसाला दूरचित्रवाणी ही केवळ करमणूक राहत नाही. चावडी, कीर्तन, बाजारभाव आणि जगाची खबरबात हे सारे त्याला त्या एकाच चौकटीतून मिळते, आणि ती चौकट दिसते पण कळत नाही अशी झाली, की तो माणूस घरात असूनही घराबाहेर पडतो.

शिवाय या व्याधीला एक जादा दंड आहे, तो हास्याचा. दृष्टी गेलेल्याला आपण हात देतो, चष्मा लावलेल्याला विद्वान समजतो. कमी ऐकणाऱ्याला मात्र हसतो. पुसले एक आणि उत्तर दिले दुसरेच, या एका युक्तीवर आमच्या रंगभूमीवरील किती प्रहसने निभावून गेली असतील याची गणती नाही. परिणाम असा, की वऱ्हाडातील माणूस डोळ्यांच्या शिबिरात पहाटेपासून रांग लावतो, आणि कान गेला आहे हे दहा-दहा वर्षे कबूल करीत नाही.

कापसाच्या जिनिंग कारखान्यात आयुष्य घालविलेल्या एका निवृत्त मुकादमाने मला आपली स्थिती एका वाक्यात सांगितली, आणि तिच्याहून नेमके वर्णन वैद्यकाच्या ग्रंथातही सापडणे कठीण. "आवाज त येते जी, पन बोल समजत नाही. थो माणूस काईतरी सांगून रायला, एवढं समजते. काय सांगून रायला, थे काई समजत नाही." घरच्यांना हे ढोंग वाटते. कढईत फोडणी पडल्याचे यांना कळते, दारातले कुत्रे भुंकल्याचे कळते, आपल्या मतलबाचे तर बरोबर कळते, मग टीव्हीवरचेच कसे कळत नाही, असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. तो सवाल बिनतोड नाही.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नलिका आहे आणि तिच्या आत केशपेशींच्या रांगा आहेत: बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार, आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार. प्रत्येक कानाला जन्मतः मिळालेला हा साठा तेवढाच. एक पेशी मेली की मनुष्यप्राण्यात तिच्या जागी दुसरी उगवत नाही. या नलिकेच्या दाराशी असलेल्या पेशी तीव्र, उंच स्वरांच्या, आणि आत खोलवर असलेल्या पेशी खर्जाच्या. वय, मधुमेह, रक्तदाब आणि आयुष्यभराचा गोंगाट यांचा पहिला आघात दाराशी असलेल्यांवर होतो, म्हणून वार्धक्यात उंच स्वर आधी जातात आणि खर्ज पुष्कळ काळ टिकून राहतो. आता मराठी बोलण्याची घडण पाहावी. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. वाक्याचा आवाज त्यांच्यात असतो. स, श, फ, थ, ट, च ही व्यंजने उंच पट्टीतली आणि दुबळी. वाक्याचा अर्थ त्यांच्यात असतो. ज्याच्या कानातून 'स' गेला त्याला साठ हा आकडा आठ ऐकू येतो, सून आली म्हटले तर ऊन आले असे वाटते. कानावर काही पडलेच नाही असे त्याला वाटत नाही. भलतेच पडले असे त्याला वाटते, आणि पुढच्या बोलाचालीस तिथून प्रारंभ होतो.

अशा माणसाने रिमोटवरील आवाजाची कळ दाबीत नेली म्हणजे काय घडते? जे स्वर त्याला आधीच ऐकू येत होते ते अधिक मोठे होतात, आणि जी व्यंजने हरवली आहेत ती त्यांच्याखाली अधिकच दबून जातात. त्यात या व्याधीचा दुसरा विपरीत स्वभाव असा, की हलका आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज निरोगी माणसाहून अधिक बोचतो. ऐकू येणे आणि न सोसणे यांच्यामधली जागाच आक्रसते. सकाळी "जोरात बोल" म्हणून सांगणारा म्हातारा दुपारी "बोंबलतं काहून?" म्हणून खेकसतो, ते लहरीपणाने नव्हे. म्हणून या घरांतून जो आवाज रस्त्यावर येतो तो शेजाऱ्याला जाचतो, सुनेला जाचतो, नातवाच्या अभ्यासाला जाचतो, आणि ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप चालला आहे त्याला तरीही बोल समजत नाही.

कानाचा दोष कबूल करूनही काही दोष यंत्राच्या आणि घराच्या माथी मारावा लागेल. जुन्या पेटीसारख्या संचाला पडद्याच्या बाजूस, पाहणाऱ्याकडे तोंड करून, भोंगा असे. आजचा संच भिंतीला टेकवलेल्या पाटीइतका सपाट झाला, आणि त्याचा भोंगा खाली किंवा पाठीमागे गेला. म्हणजे निवेदक बोलतो आपल्याकडे पाहून आणि त्याचा आवाज निघतो भिंतीकडे तोंड करून. घरेही पालटली. वऱ्हाडातील जुन्या मातीच्या भिंती, लाकडी खण आणि शेणाने सारवलेली भुई आवाज शोषून घेत असत; स्लॅब, फरशी आणि काच यांच्या खोलीत तोच आवाज भिंतीभिंतीवर आपटून, स्वतःच्याच मागून पुन्हा येऊन, दोन शब्दांमधील फट बुजवून टाकतो. तरुण मेंदू ही गर्दी निवडून काढतो. वृद्धाच्या मेंदूला ती निवड जमत नाही.

आणि मग येतो कूलर. पुण्यामुंबईच्या वाचकाला या यंत्राचे माहात्म्य सांगून कळणार नाही. मार्च सरत आला की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत पत्र्याच्या पेट्या खिडकीला लागतात, त्यांत वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ताटी बसते, आणि जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असता ती पेटी अहोरात्र घोंघावत राहते. घरातील वडीलधाऱ्या माणसाची बाज साहजिकच वाऱ्याच्या झोतात, म्हणजे त्या घोंघावण्याच्या तोंडाशी, घातलेली असते. जिवाला गारवा हवा तर कान सोडावा, कान हवा तर गारवा सोडावा, असा हा वैशाखातील पेच आहे. आणि उन्हाळ्यात दूरचित्रवाणीवरून होणारे तंटे वाढतात असे मला एकाहून अधिक घरांत सांगितले गेले, त्याचे कारण उष्णतेत शोधण्यापेक्षा कूलरच्या पंख्यात शोधावे.

या तालुक्याच्या कानांचा इतिहास मात्र कूलरहून जुना आहे. वऱ्हाडची ओळख कापसाची, आणि कापसाबरोबर जिन-प्रेसची. दिवाळीच्या सुमारास सरकी काढण्याचे रूळ फिरू लागले की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्या छपराखाली नव्वद डेसिबलच्या घरातला, पुष्कळदा त्याहूनही वरचा, गजर अखंड चाले; आणि त्या गजरात यंत्रांच्या रांगेत उभ्या राहून कापूस भरणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदलेला, ज्याची खबर सरकारला द्यावयास हवी असा, आजार होता. परंतु हंगामी रोजंदारीवर आलेल्या बाईचा कान कामावर घेताना कोणी मोजला नाही, तेव्हा काम सुटताना किती गेला याची रुजुवात कोण करणार? त्या बाया आज सत्तरीत आहेत. आपले बहिरेपण त्या वयाच्या खात्यावर जमा करतात. कारखान्याच्या खात्यावर ते कधी मांडलेच गेले नाही.

ज्या पिढीविषयी हे लिहीत आहे तिचा आणि दूरचित्रवाणीचा संबंध तरुणपणी जुळला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण वऱ्हाडच्या तालुक्यांत अँटेनाची काठी घराघरांवर दिसू लागली ती पुढे, ऐंशीच्या दशकात लहान प्रक्षेपकांचे जाळे विणले गेले तेव्हा. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले, आणि त्यानंतरच्या रविवारच्या सकाळी ज्याच्या घरी संच त्याच्या घरी गल्ली, असा प्रघात पडला. त्या वेळी पस्तिशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात तेच 'रामायण' पुन्हा दाखविले गेले, तेव्हा देशभर वृद्धांनी ते आवडीने पाहिले, आणि त्याचा अर्थ भक्ती व स्मरणरंजन असा लावला गेला. मला त्यात आणखी एक कारण दिसते. त्या मालिकेतील पात्रे सावकाश बोलतात, एकाचे वाक्य पुरे झाल्यावाचून दुसरा तोंड उघडीत नाही, चेहरा पडद्यावर समोरून दिसतो, आणि कथा प्रेक्षकाला आधीपासून अवगत असल्यामुळे निसटलेला शब्द त्याचा तोच भरून काढतो. कमी ऐकणाऱ्यासाठी याहून सोयीची रचना मुद्दाम करू म्हटली तरी होणार नाही.

हाच हिशेब लावला म्हणजे दर्यापुरातील वृद्धांच्या आवडीनिवडीचा उलगडा होतो. क्रिकेट त्यांना चालते, कारण धावफलक लिहिलेला असतो. बातम्या चालतात, कारण निवेदिका समोर पाहून बोलते, ओठ दिसतात, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी असते. कित्येक जण बातम्या ऐकतच नाहीत, पट्टी वाचतात, आणि बाजूची मंडळी समजतात की बाबा बातम्या ऐकत आहेत. निवडणुकीच्या निकालाचा दिवस हा तर त्यांचा सण, कारण त्या दिवशी साराच मजकूर आकड्यांत असतो. याउलट सहा चौकटींत सहा पुढारी बसवून एकाच वेळी बोलावयास लावणारी चर्चा त्यांना कळत नाही; ती ऐकू येणाऱ्यांनाही कळत नसावी, असा माझा समज आहे. सर्वांत मोठी फसगत होते ती भाषांतरित मालिकांत आणि दाक्षिणात्य चित्रपटांच्या हिंदी अवतारांत. कान दुबळा झालेला माणूस नकळत ओठ वाचीत असतो. इथे ओठ तेलुगू बोलतात आणि आवाज हिंदी येतो, म्हणजे उरलेला अर्धा आधारही काढून घेतला जातो. आणि मराठी मालिकांत सासूने सुनेकडे नुसते पाहिले तरी जो नगारा वाजतो, त्याखाली पुढचे वाक्य गाडले जाते ते कायमचेच.

घरात याचा भार कोणावर पडतो? प्रथम पत्नीवर. "दिवसभर मले म्हन्ते, तू पुटपुटतं. मी काई पुटपुटत नाही, तुमचा कान गेला, असं म्हनलं त राग येते," असे बनोशातील एका गृहिणीने सांगितले, आणि समोर बसलेल्या यजमानांना ते ऐकू गेले नाही यात विनोद शोधावा इतकी ती आनंदी दिसत नव्हती. नंतर सुनेवर. "मामाजी, आवाज थोडा बारीक करा नं" हे वाक्य कितीही अदबीने उच्चारले, तरी ते ऐकू येण्यासाठी ओरडूनच म्हणावे लागते, आणि ओरडून म्हटलेल्या वाक्यात अदब उरत नाही. म्हातारा दुखावतो, संच बंद करून बाजेवर पाठ फिरवून पडतो, आणि घरात दोन दिवस अबोला.

स्त्रियांची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक गंभीर. पुरुष निदान आवाज वाढवितो, भांडतो, आपल्या अस्तित्वाची नोंद ठेवावयास लावतो. रिमोट आजीच्या हाती बहुतेक घरांत कधी आलेलाच नसतो. ती मागे, दाराच्या चौकटीला टेकून बसते, आणि काय चालले आहे हे कोणाला विचारीत नाही. "सारे हासले का मी बी हासतो," असे पंच्याहत्तरी उलटलेल्या एका बाईने सांगितले. तिने चार तास मालिका पाहिल्या आणि एकही ऐकली नाही, हे तिच्या मुलाला माझ्यासमोर प्रथम कळले.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये श्रवणाविषयी जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात साठीपुढच्या माणसांपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिकांना कार्यात अडथळा आणणारी श्रवणहानी असते असे नमूद आहे. वैद्यकाच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगानेही २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर इलाज करता येतो त्यांत श्रवणहानीची गणना केली आहे. बहिरेपणाने बुद्धी जाते असा याचा अर्थ कोणी करू नये. परंतु ज्याच्याशी कोणी बोलत नाही आणि ज्याला कोणी बोललेले कळत नाही, त्याच्या मेंदूला दिवसभर काम काय राहते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आता सरकार दरबारी याची दखल कशी घेतली जाते ते पाहू. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात श्रवणदोष असलेली माणसे सुमारे ५० लाख भरली. आणि बधिरता प्रतिबंधाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २००७च्या सुमारास सुरू झाला, त्याच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हाच आकडा सहा कोटींच्या वर धरलेला आहे. मधली तफावत कोठे गेली? दारावर आलेल्या गणकाला "आमचे बाबा बहिरे आहेत" असे कोणी सांगत नाही, हे एक कारण. आणि जी मोजपट्टी कायद्यात आहे तीही वृद्धांना बाहेरच ठेवते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल हानी असेल तो बधिर, आणि ६० ते ७० असेल तो कमी ऐकणारा. जागतिक आरोग्य संघटना मात्र बऱ्या कानात ३५ डेसिबलांपुढे हानी गेली की ती अडथळा आणणारी मानते. पस्तीस आणि साठ यांच्या दरम्यानच्या या इलाख्यातच आमचे बहुसंख्य वृद्ध राहतात. त्यांना टीव्ही समजत नाही, आणि दाखलाही मिळत नाही.

यंत्राचे म्हणाल तर, लोक ज्याला कानाची मशीन म्हणतात ती मिळण्याच्या वाटा कागदावर आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून चालू आहे. राज्याने २०२४मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणून पासष्टीपुढच्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतील नागरिकास अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकरकमी खात्यात देण्याची तजवीज केली. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांना ही रक्कम पुरेल. कानाच्या बाबतीत ती खिशात अडकवायच्या डबीपर्यंत पोहोचते, आणि ती डबी सदऱ्याच्या घासण्यासह सगळेच मोठे करून ऐकवते. कान नीट मोजून, ज्या पट्टीत जेवढी हानी तेवढीच भर घालणारे यंत्र याच्या कैक पट महाग. आणि ते जुळवून देणारा श्रवणतज्ज्ञ गाठावयाचा तर अमरावती किंवा अकोला, म्हणजे कोणत्याही दिशेला पन्नास-साठ किलोमीटर, आणि एका फेरीत काम होत नाही. कानातला साचा सैल असला की शिट्टी वाजते, सेल संपतात, आणि कूलरचा आवाजही बोलण्याइतकाच वाढतो. एवढे झाल्यावर ती मशीन कपाटात, दागिन्यांच्या शेजारी, जपून ठेवली जाते. घरच्यांनी याला हट्ट म्हणू नये. चष्मा लावताच दिसते. मशीन लावून ऐकावयास मेंदूला कित्येक आठवडे नव्याने शिकावे लागते, आणि हे कोणी सांगितलेलेच नसते.

मशीन असो वा नसो, दूरचित्रवाणीपुरता एक उपाय दर्यापुरात मला काही घरांनी आपल्या अकलेने शोधलेला दिसला, आणि तो शास्त्राला धरून आहे. संचाचा आवाज वाढविण्याऐवजी त्यांनी आवाज कानाजवळ नेला. कोणी नातवाचा लहानसा ब्लूटूथ स्पीकर बाबांच्या उशाशी ठेवला आहे. कोणी लांब वायरचा हेडफोन संचाच्या पाठीमागे जोडून दिला आहे, म्हणजे बाबांना हवा तेवढा आवाज आणि खोलीत शांतता. आणि जिथे हे काहीच नाही तिथे खुर्ची पुढे ओढली आहे. अंतर निम्मे केले की कानावर थेट पडणारा आवाज सुमारे सहा डेसिबलांनी वाढतो, तोही भिंतींचा प्रतिध्वनी न वाढविता, आणि यास एक पैसा लागत नाही. संचाच्या आवाजमांडणीत खर्ज कमी करून बोलणे स्पष्ट करण्याची सोय बहुधा असते; ती तरुणांनी एकदा लावून द्यावी. आणि हे सर्व करण्यापूर्वी डॉक्टरकडून कानात पाहून घ्यावे, कारण कित्येकांच्या बहिरेपणाचा मोठा हिस्सा साचलेल्या मळाचा असतो. कोमट तेल सोडून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर त्या तेलाने कानाला इजा होऊ शकते.

परंतु खरा इलाज वेगळा आहे, आणि तो घराच्या हातात नाही. जे ऐकू येत नाही ते लिहून दाखवावे. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७९मध्ये पडद्यावर संवाद उमटविण्यास प्रारंभ केला आणि २००८पर्यंत आपल्या मुख्य वाहिन्यांवरील सर्व कार्यक्रम त्याखाली आणले. अमेरिकेने १९९०च्या कायद्याने नव्या संचांत ही अक्षरे दाखविण्याची सोय सक्तीची केली. आपल्याकडे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द द्यावेत असा आग्रह धरला, आणि दूरदर्शनवरील गीतांच्या कार्यक्रमांत तो प्रयोग झालाही. त्यांचा हेतू साक्षरतेचा होता. पण त्याच भाषेची अक्षरे त्याच भाषेच्या बोलाखाली, ही कल्पना वृद्धांच्या कानांसाठीच केली असावी इतकी चपखल आहे. आज इंटरनेटवर मराठी मालिका व चित्रपट पाहू गेल्यास तळाशी इंग्रजी अक्षरे पुष्कळदा मिळतात. म्हणजे परदेशस्थ रसिकाची सोय झाली. दर्यापूर तालुक्यातील येवद्याच्या निवृत्त तलाठ्याची झाली नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २०१६च्या अधिनियमात खुणांची भाषा किंवा उपशीर्षके यांच्याद्वारे दूरचित्रवाणी सुगम करण्याचे कलम आहे, आणि त्यास अनुसरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी मानके जारी केली: वृत्तवाहिन्यांनी दिवसातून एकदा सांकेतिक भाषेसह बातमीपत्र द्यावे, इतरांनी प्रारंभी आठवड्यातून एक कार्यक्रम उपशीर्षके किंवा सांकेतिक भाषा यांसह दाखवावा. जन्मतः न ऐकणाऱ्यांचा सांकेतिक भाषेवरील हक्क वादातीत आहे, आणि दूरदर्शनने १९८७पासून त्यांच्यासाठी बातम्या दिल्या हे त्याचे भूषण. पण साठ वर्षे मराठी ऐकून मग कान गमावलेल्या माणसाला त्या खुणांचा काय उपयोग? त्याला मराठी वाचता येते. आणि आठवड्यातून एक कार्यक्रम म्हणजे उपोषणाला बसलेल्याला द्यावा तसा घोटभर रस.

अडचण खर्चाची आहे असे वाहिन्या म्हणतील. मालिकेचे संवाद चित्रीकरणाआधी लिहिलेले असतात. बातमी निवेदिकेच्या समोर अक्षरांतूनच सरकत असते. म्हणजे मजकूर तयार आहे, तो फक्त पडद्याच्या दुसऱ्या बाजूला दाखवावयाचा आहे. एक गोष्ट मात्र कबूल करावयास हवी. दाराच्या चौकटीला टेकून बसणाऱ्या त्या आजीला अक्षर येत नाही. अमरावती जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीहून वर असली, तरी तिच्या पिढीतील, जिनात आणि निंदणात वय गेलेल्या बायांपर्यंत ती पोहोचली नव्हती. त्यांच्यासाठी उशाशी ठेवलेला स्पीकर आणि शेजारी बसून सांगणारे नातवंड याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

वाचकांनी दिवाळीत मोठा संच घेण्याआधी घरातील वृद्धांचा कान मोजून घ्यावा, आणि आणखी एक काम करावे. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ यांच्या जाहिरात-संहितेत जाहिरातीचा आवाज बेसुमार असू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक झाले आहे. मालिका चालू असता ऐकू येत नाही म्हणून बाबांनी वाढविलेला आवाज जाहिरात लागताच सारे घर हादरवीत असेल, तर तशी तक्रार त्या अधिकाऱ्याकडे लेखी करावी. मराठी उपशीर्षकांची मागणी त्याच पत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहावी, आणि तिची एक प्रत मंत्रालयाकडे धाडावी. जाहिरातीविषयीच्या तक्रारीची दखल घेणे वाहिनीवर नियमाने बंधनकारक आहे.